यादीतलं पाचवं ठिकाण

मी शेण खाल्लं, आणि तेही छापून.

नागोयात मला एकोणीस वर्षं झाली. मूळ गाव वेल्समध्ये, तिथे आता माझं कुणी उरलेलं नाही. पोटासाठी इंग्रजी शिकवतो आणि इथल्या परदेशी लोकांच्या मासिकात अधूनमधून लिहितो. ऑक्टोबरात संपादकाने गळ घातली, "एमरिस, तुझ्या आवडीचे कॅफे, बार, कुणाला ठाऊक नसलेले कोपरे. दहा दे." नऊ दिले असते तर त्याने काय माझी मान कापली असती? पण मला मिरवायचं होतं. पाचव्या क्रमांकावर मी 'त्सुबाकी' लिहिलं.

त्सुबाकी हे फुसाए-सानचं कॉफीचं दुकान. सहा टेबलं, सकाळी कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं. रोजची गिऱ्हाइकं कॉफीच्या कुपनांचं पुस्तक घेऊन ठेवतात, ते भिंतीवर ज्याच्या त्याच्या नावाने टांगलेलं असतं. आलात की फुसाए-सान एक कुपन फाडतात. नऊपर्यंत कुणाचं कुपन फाटलं नाही, तर त्या फोन करायच्या. फोन उचलला नाही, तर ॲप्रनसकट त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. येणारे बहुतेक एकटे राहणारे म्हातारे. याबद्दल कधी कुणी बोललं नाही, पण त्या भरवशावर सगळे निवांत झोपायचे. मीसुद्धा.

माझ्या टेबलावर कुवायामा-सान बसायचे. वय एक्याऐंशी, निवृत्त न्हावी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दिवसभराचं बोलणं ते तिथेच उरकून घ्यायचे.

"हे केस कुणी कापले?"

"स्टेशनजवळच्या दुकानात."

"त्याचं तुमच्याशी काही वैर आहे का हो?"

एवढ्यावर आमची सकाळ निघायची. सख्खा भाऊ असता तरी इतकी माया लागली नसती.

यादी छापून आली आणि महिन्याभरात दाराबाहेर रांग लागली. पाठीवर बोचकी, हातात फोन. पहिल्याच दिवशी कुवायामा-सान अर्धा कप टाकून उठले.

"अहो, कॉफी तरी संपवा," मी म्हणालो.

"लांबून आलेत बिचारे. आम्ही काय, रोजचेच."

दुसऱ्या आठवड्यात ते दारातूनच वाकून नमस्कार करून परत जायला लागले. मग एकेक करून सगळेच. कुणी तक्रार केली नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. भिंतीवरची पुस्तकं जाड ती जाडच राहिली. भिडेपोटी न येणाऱ्याला फोन करून कशाला अवघडवायचं, म्हणून फुसाए-साननीही फोन बंद केले. मलाही जागा मिळेना. चरफडत मी दुसरीकडे जायला लागलो. संपादकाला आता दुसरी यादी हवी होती.

फेब्रुवारीत कुवायामा-सान घरात मेलेले सापडले. अकरा दिवसांनी. पेपर टाकणाऱ्याने पोलिसांना कळवलं.

मी दुपारी त्सुबाकीत गेलो. दुकान बंद करून फुसाए-सान कप विसळत होत्या.

"मला शिव्या द्या," मी म्हणालो. "चांगल्या कचकचीत द्या."

"तुम्हाला कशाला? तुम्ही चांगलंच लिहिलं होतं." त्यांनी नळ बंद केला. "दोन आठवड्यांमागे सोमवारी ते दारात आले होते. म्हणाले, उद्या सातलाच येतो, गर्दीच्या आधी. तुमची चौकशी केली. म्हणाले, त्या एमरिसचे केस एकदा बघायला हवेत."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"मंगळवारी सात वाजले, आठ वाजले. फोन हातात घेतला होता हो मी. तेवढ्यात सहाजण आत शिरले. एकीला माझ्याबरोबर फोटो हवा होता. म्हटलं, करू जरा वेळाने. मग वाटलं, येऊन रांग बघून परत गेले असतील. नेहमीसारखे."

"आणि?"

"न्हाणीघरात पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं. पुतण्या सांगत होता, डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत तरी जिवंत असावेत." त्यांनी ॲप्रनने तोंड झाकलं. "मी दुकान बंद करतेय, एमरिस-सान. मला त्या दाराकडे बघवत नाही."

मी मान हलवली आणि बाहेर पडलो. मला त्यांना एक गोष्ट सांगता आली नाही.

त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी मी कालव्याजवळचा एक नवा कॅफे बघायला निघालो होतो, यादीसाठी. त्सुबाकीसमोरची रांग डोळ्यांना नको म्हणून कुवायामा-सानच्या गल्लीतून गेलो. त्यांच्या दारात दोन वर्तमानपत्रं पडली होती. मी थांबलो. हात घंटीपर्यंत गेलासुद्धा होता. मग वाटलं, म्हातारा प्रथमच उशिरापर्यंत झोपलाय, झोपू दे. पुन्हा भेटला की चांगला चिडवीन, असं ठरवून मी हसत पुढे गेलो.