सोमवारची बैठक

“तिथं गेल्यावर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. चहा घ्यायचा, सही करायची, आणि कोणी काही विचारलंच तर माझ्याकडं बघायचं.”

बसवंतरावांनी हे सांगितलं तो दिवस उमादेवींना लख्ख आठवायचा. पिंगळी रोडवरच्या त्यांच्या जिनिंग मिलची तेव्हा नुकतीच कंपनी झाली होती. कोणीतरी सुचवलं, संचालक मंडळात एक बाई असू द्या, सरकारी योजनांना बरं पडतं. घरातली बाई म्हणजे उमादेवी. त्या गेल्या, पदर सांभाळला, चहा घेतला, सही केली. कोणी काही विचारलं नाही, त्यामुळं नवऱ्याकडं बघायची वेळसुद्धा आली नाही.

पुढं बसवंतराव लिंगैक्य झाले. धाकटे दीर राजेश्वर अध्यक्ष झाले, मुलगा वैभव मिलचा मॅनेजर झाला, आणि उमादेवी होत्या तिथंच राहिल्या. ऑफिसच्या भिंतीवर संचालकांचे फोटो लावले होते, त्यात अगदी कडेचा फोटो त्यांचा. बैठक झाली की हिशेबनीस गोपाळ कागद घेऊन घरी यायचा. जिथं पेन्सिलीची फुली असेल तिथं त्या सही करायच्या. “अक्का, तुमच्यासारखे संचालक असले की आमचं काम लय सोपं,” असं गोपाळ चहा पिता पिता म्हणायचा, आणि ते तो अगदी मनापासून म्हणायचा.

मिलमध्ये त्यांना खरा मान मिळायचा तो दसऱ्याला. विधवा म्हणून बाईला बाजूला बसवायची रीत त्यांच्या घरात नव्हती. गळ्यात लिंग असलेल्याला कसला आलाय विटाळ, असं बसवंतरावच म्हणायचे. दसऱ्याला यंत्रं धुऊन-पुसून ठेवलेली असत. उमादेवी एकेका यंत्राला विभूतीचे तीन पट्टे ओढत, बेल वाहत, झेंडूचा हार घालत. सगळी यंत्रं फिरवणारा जो लांब लोखंडी दांडा असतो, तो शाफ्ट, त्याच्यावर जाळी बसवलेली असे. जाळीतून पूजेचा हात आत जायचा नाही, म्हणून फिटर ती आधीच खोलून भिंतीला टेकवून ठेवायचा आणि पूजा झाली की परत बसवायचा.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि जाळी भिंतीलाच राहिली. दिवाळीत कामगारांना फराळ वाटायला उमादेवी गेल्या तेव्हा त्यांना ती दिसली. वाळलेला हार तसाच अडकलेला, आणि वर कापसाचे तंतू चिकटलेले.

“जाळी बसवली नाही का रे अजून?” त्यांनी वैभवला विचारलं.

“बसवू की, आई. जरा गर्दी कमी होऊ दे.”

गर्दी कमी व्हायच्या आत निकिता गेली. पेडगावच्या झुंबरबाईची मुलगी. दोघी मायलेकी एकाच पाळीला यायच्या. खाली सांडलेली सरकी गोळा करायला निकिता वाकली आणि शाफ्टनं तिची ओढणी ओढली. यंत्र बंद करेपर्यंत काही उरलं नव्हतं.

राख सावडून झुंबरबाई घरी न जाता सरळ उमादेवींच्या दारात आली आणि पायरीवरच उभी राहिली.

“आत येत न्हाई, अक्का. सुतकाची हाय मी.”

“ये गं. आमच्यात सुतक पाळत नाहीत.”

तरी ती उंबऱ्याच्या आत आली नाही. दारातच बसली. उमादेवीही तिच्यासमोर खाली बसल्या.

“मिलमधी समदे म्हणायलेत, पोरीचे केस मोकळे व्हते म्हणून,” झुंबरबाई म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “मोबाइलवर बोलायली व्हती म्हणं. अक्का, तिची येणी म्या घातली सकाळी. अंबाडा बांधला, वरून रुमाल बांधला. मोबाइल माझ्या पिशवीत व्हता, अजून तितंच हाय. जाळी न्हवती, अक्का. जाळी असती तर ओढणी कशी घावली असती?”

उमादेवींनी तिच्या हातावर हात ठेवला.

“तुमी मंडळात हायेत न्हवं? भितीवर फोटो हाय तुमचा. आमी बाया जेवायला बसलो की म्हणायचो, एक तरी बाई हाय वर.” झुंबरबाईनं पदरानं नाक पुसलं. “मला दुसरं काई नको. जाळी न्हवती, येवढंच बोला. लेकरू तर गेलं. माघारी तिला उंडगी तरी म्हणू नयेत.”

त्या फोटोतल्या बाईला बैठकीला कोणी बोलावतसुद्धा नाही, हे सांगायची उमादेवींना लाज वाटली. हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “जिथं सांगावं लागेल तिथं सांगते.”

रविवारी वैभव जेवायला बसला तेव्हा भाकरी वाढता वाढता त्यांनी विषय काढला. “या बैठकीला मी येणार आहे.”

“येच. काकाच म्हणालेत, वैनींना या वेळी आणायचंच. उद्या अकरा वाजता.”

“उद्या? बुधवारी होती ना?”

“मंगळवारी कारखान्याचे सरकारी निरीक्षक यायलेत. विश्रामगृहावर बसून जबाब घेणार आहेत. त्याच्या आत ठराव व्हायला पाहिजे.”

“उद्या सोमवार आहे, वैभव.”

“माहीत आहे, आई,” ताटातली नजर वर न करता तो म्हणाला.

सोमवारी उमादेवी मौन धरत हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. वैभव पाच वर्षांचा असताना टायफॉइडनं अगदी हातचा जायला निघाला होता. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात त्यांनी शंभूमहादेवाला नवस बोलला, लेकरू वाचू दे, दर सोमवारी अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. लेकरू वाचलं. तेव्हापासून एक सोमवार चुकला नव्हता. नवरा गेला तो दिवसही सोमवारच होता. त्या मुकाट रडल्या होत्या.

“जाळी नव्हती हे तुला माहीत आहे,” उमादेवी म्हणाल्या.

वैभवनं घास खाली ठेवला. “मॅनेजर मी आहे, आई. तसं कागदावर आलं तर पहिलं नाव माझं येतंय. आत जावं लागेल मला. आणि जाळी काढली कशाला, तेही विचारतील. काय सांगू? आईला पूजा करायची होती म्हणून?”

त्याच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

सोमवारी राजेश्वर स्वतः दारापर्यंत सामोरे आले. “या वैनी, या. तुमची खुर्ची इकडं. एसीचं वारं अंगावर येत नाही ना?” उमादेवींनी मान हलवली. वैभव समोर बसला होता. रात्रभर झोपला नसावा. तिसरे संचालक रंगनाथ, कापसाचे व्यापारी, जुना घरोबा. ते हसत म्हणाले, “सगळ्याच बायकांनी सोमवार धरायला पाहिजे राव. आमच्याकडं तर बिलकूल सुट्टी न्हाई.” राजेश्वर हसले, गोपाळही हसला. चहाबरोबर गोपाळनं हजेरीचं पान पुढं सरकवलं. हजेरी म्हणून उमादेवींनी सही केली.

राजेश्वरांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. मयत कामगार केस मोकळे सोडून व मोबाइलवर बोलत काम करत असल्यामुळं दुर्घटना घडली, कंपनीची सर्व सुरक्षा साधनं जागेवर होती. एवढं वाचून त्यांनी पान उलटलं. महिला कामगारांच्या सुरक्षेचा विचार करता यापुढं जिनिंग विभागात एकाही महिलेस काम देण्यात येऊ नये. महिला संचालक श्रीमती उमादेवी यांच्या उपस्थितीत, एकमतानं.

आपल्याला आज इतक्या अगत्यानं का बोलावलं, ते उमादेवींना तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्यांच्यावाचून अडलं नव्हतं. आज त्या खुर्चीत एक बाई बसलेली लागत होती, आणि ती गप्प बसलेली लागत होती.

त्यांनी वैभवकडं बघितलं. तापानं सुकलेलं ते पाच वर्षांचं तोंड त्यांना दिसलं. सलाइनची सुई टोचलेला एवढासा हात दिसला. आज बोललं तर त्या दिवशीचं मागून घेतलेलं परत द्यावं लागेल. महादेवा, शिक्षा द्यायची तर मला दे, असं त्या मनात म्हणाल्या. आणि सकाळपासून मिटलेलं तोंड उघडलं.

“जाळी नव्हती.”

आवाज घोगरा आला. गोपाळचा पेन थांबला.

“दसऱ्याला माझ्या पूजेसाठी काढली होती. दिवाळीत मी भिंतीला टेकलेली बघितली. पोरीचे केस बांधलेले होते. बायांना काढू नका, भाऊजी. जाळी बसवा.”

कोणी कोणाकडं बघेना. मग राजेश्वरांनी चष्मा काढला आणि उमादेवींपुढं हात जोडले. त्यांच्या बोलण्यात जराही राग नव्हता.

“वैनी, चुकून गेलं तुमच्या तोंडून. एवढ्या वर्षांचं व्रत तुमचं. त्याला आमच्यामुळं बट्टा लागलेला आम्हाला चालायचा नाही. आम्ही कोणी काही ऐकलं नाही. काय, रंगनाथराव?”

“ऐकायचं काय त्यात? अक्कांचं मौन हाय आज. साऱ्या परभणीला माहीत हाय.”

“गोपाळ?”

गोपाळनं मान खाली घातली. “नाही, साहेब.”

वैभवला त्यांनी विचारलंच नाही. वैभव उठला, जगमधून पाणी ओतून पेला आईसमोर ठेवला आणि परत जाऊन बसला.

उमादेवींनी परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. राजेश्वर तोवर पुढचा विषय वाचायला लागले होते. कापसाच्या गाठी ठेवायच्या गोदामाच्या पत्र्यांचा विषय होता. रंगनाथ पत्र्यांविषयी बोलायला लागले. उमादेवी बोलत राहिल्या आणि तेही बोलत राहिले. शेवटी उमादेवींचा आवाज आपोआपच बंद झाला.

बाहेर फाटकाशी बाया उभ्या होत्या, हातात भाकरीची फडकी तशीच. त्यांना ठराव आधीच कळला होता. उमादेवींना बघून त्या बाजूला झाल्या. वाट दिली, पण रोजच्यासारखा कोणी नमस्कार केला नाही.

“आत तुमी व्हत्या म्हणं, अक्का,” एक वयस्क बाई म्हणाली. “तुमची सही हाय म्हणं.”

“मी बोलले होते आत,” उमादेवी म्हणाल्या.

“आज तर सोमवार हाय,” पाठीमागून कोणीतरी म्हटलं.

दिवेलागणीला वैभव घरी आला तो तसाच पलंगावर आडवा झाला. उमादेवींनी देवापाशी दिवा लावला, त्याच्याजवळ गेल्या आणि कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं. त्यांनी हात तिथंच राहू दिला.

“माझ्यासाठी धरलेलं मोडलंस तू आज,” डोळे मिटूनच तो म्हणाला.

“हो.”

“कोणाच्या तरी पोरीसाठी.”

“तिच्या आईनंही काहीतरी धरलंच असेल की रे, तिच्यासाठी.”

वैभव कुशीवर वळला. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “काका म्हणायलेत, तुला उद्या घरातच राहू दे. ड्रायव्हरला पण सांगून ठेवलंय त्यांनी. आई, नको जाऊस. मी उद्या सकाळी पहिलं काम जाळीचं करतो. शपथ घेतो हवं तर.”

“जाळी बसव. ती बसवायलाच पाहिजे.”

“मग? झालं की. मला आत घालून काय मिळणार आहे तुला?”

काही मिळणार नव्हतं. झुंबरबाईची लेक परत येणार नव्हती आणि आपला लेक आपल्याशी पहिल्यासारखा बोलणार नव्हता. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. तो रडत होता की काय, ते त्यांनी वाकून बघितलं नाही.

“जाळी माझ्यासाठी काढली होती, हे मी आधी सांगणार,” त्या म्हणाल्या. “दिवाळीत बघून मी परत विचारलं नाही, तेही. माझंही नाव लिहून घ्या म्हणणार. संचालक आहे ना मी.”

मंगळवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, लिंग तळहातावर घेऊन पूजा केली, कपाळाला विभूती लावली. रोज मागतात ते वैभवसाठी मागितलं. आज ते मागायला तोंड आहे का, असं मनात आलं, तरी मागितलं. भाकरी आणि पिठलं करून झाकून ठेवलं.

वैभव व्हरांड्यात बसला होता, पायात एकच बूट. त्यानं मान वर केली, आईच्या हातातली पिशवी बघितली आणि परत खाली घातली. दारातली गाडी राजेश्वरांनी पहाटेच नेली होती.

“जेवून जा मिलला,” उमादेवी म्हणाल्या.

त्यांनी चपला घातल्या, पायऱ्या उतरल्या, आवाज होऊ नये असं फाटक ओढून घेतलं आणि विश्रामगृहाकडं पायीच निघाल्या.