पान नऊवरचे बाबा

पडद्यावर पहिलीच्या पुस्तकातले स्वयंपाकघर आले आणि बाईंनी ते लगेच ओळखले. ओट्यापाशी पाठमोरी आई, खाली भाजीची टोपली, दाराजवळ खुर्चीत बाबा आणि बाबांच्या तोंडासमोर पेपर. मग दुसरीचे पुस्तक आले. घर तेच, आई तीच, फक्त टोपलीतली वांगी जाऊन टोमॅटो आलेले. तिसरीचे पुस्तक आले तेव्हा सभागृहात खसखस पिकली.

"एकाही पुस्तकात पुरुष शेगडीपाशी नाही," विद्यापीठातून आलेली संशोधक मुलगी सांगत होती. शाळेच्या पुस्तकांत कोण कुठले काम करताना दिसते, यावर तिने अभ्यास केला होता. "नोकरी करणारी बाई आहे, पण ती शिक्षिका नाहीतर नर्स. आणि घरी आली की तीही ओट्यापाशीच." मग ती जरा हसली. "ही सगळी चित्रं एकाच हातची दिसतात. या चित्रकाराला घर माहीत आहे ते फक्त जेवायच्या वेळचं, असं मला वाटतं."

सगळे हसले. पाठ्यपुस्तक कार्यालयाचे साहेब तेवढे हसले नाहीत. ते खाकरले. "चित्रकार इथंच आहेत. त्या काय, शेवटच्या रांगेत. आमच्या बाई."

मुलीचा चेहरा पडला. तिने मनात एखादा दाढीवाला गृहस्थ धरला होता हे उघड दिसत होते. बाई उठून उभ्या राहिल्या. निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा कपाळावर, बोटांना शाई.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "सगळी मीच काढलीत. आणि जेवायच्या वेळेलाच घरी जाते, तेही बरोबर."

लोकांना वाटले, बाईंनी टोमणा मारला. पण तो टोमणा नव्हता. बाईंच्या घरचा स्वयंपाक त्यांचे मिस्टर करत आणि ही गोष्ट कार्यालयात कुणालाही ठाऊक नव्हती.

मिस्टर एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. लेक बालवाडीत जायला लागली त्या वर्षी छापखाना बंद पडला. "दुसरं काही मिळेपर्यंत चार दिवस मी बघतो घरचं," ते म्हणाले होते. ते चार दिवस काही संपले नाहीत. दुसरे काही मिळालेही नाही, मिळाले ते टिकले नाही, आणि मधल्या काळात त्यांच्या हाताला अशी चव आली की लेक आईने केलेला चहासुद्धा पिईना. बाई कार्यालयात चित्रे काढत, घरी येऊन वरकड कामाची चित्रे काढत, आणि मिस्टर पोरीची वेणी घालण्यापासून मोरी घासण्यापर्यंत सगळे करत.

फक्त दारावरची बेल वाजली की अदलाबदल व्हायची. मिस्टर खांद्यावरचा पंचा बाईंच्या खांद्यावर टाकत, शर्ट चढवत आणि बाहेरच्या खुर्चीत पेपर उघडून बसत. बाई ब्रश ठेवून आत जात आणि आधीच शिजलेली भाजी ढवळत उभ्या राहत. हे कुणी ठरवले होते, आठवत नाही. सासूबाई हयात असताना सुरू झाले आणि त्या गेल्यावरही चालू राहिले. पाहुणा गेला की दोघे हसत. अलीकडे हसत नसत.

पुस्तकातल्या चित्रांचीही अशीच गत होती. नवी आवृत्ती निघाली की जुने चित्र खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवायचे, वर कोरा कागद लावायचा आणि गिरवायचे. आईचे कपडे बदलायचे, रेडिओच्या जागी टीव्ही काढायचा. पहिली आई बाईंच्याही आधीच्या कुणीतरी काढली होती. पण पुढच्या सगळ्या आया बाईंच्या हातच्या होत्या. त्या मुलीच्या बोलण्याचा म्हणूनच राग आला नाही, लाज वाटली. आपल्याच घरात काय चालते ते आपण एकदाही काढले नाही, हे त्यांच्या मनाला लागले.

त्या मुलीच्या अहवालामुळे वरून चक्रे फिरली. साहेबांनी बाईंना बोलावले. "पहिलीच्या पुस्तकात पान नऊ, 'आमचं घर'. बाबांना स्वयंपाकघरात टाका. वरून आदेश आहे."

"टाकते," बाई म्हणाल्या. हे त्यांचे शेवटचे पुस्तक होते.

त्यांनी काचेखालचा दिवा बंद केला आणि कोऱ्या कागदावर काढायला बसल्या. बनियनवरचा माणूस, खांद्यावर पंचा, वाफेने धुरकटलेला चष्मा. एका हातात पळी, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर रश्शाचा थेंब, तो चाखताना एक डोळा बारीक झालेला. पायाशी सांडलेली साले. आई कुठेच नव्हती, कारण आई त्या वेळी कार्यालयात असे.

पुस्तकाच्या समितीने चित्र हातोहात फिरवले.

"हा बाबा वाटत नाही हो," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. "खानावळीतला आचारी वाटतो."

"घाम कशाला दाखवलाय?" दुसऱ्यांनी विचारले.

साहेबांनी सुवर्णमध्य काढला. "बाई, बनियन नको, शर्ट घाला. जरा हसरे करा. आणि शेजारी आई उभी करा, म्हणजे ते तिला मदत करतायत असं दिसेल."

"मदत नाहीये ती," बाई म्हणाल्या. "स्वयंपाक त्यांचाच आहे."

"अहो, चित्रातल्या माणसासाठी काय भांडताय? सोमवारपर्यंत बदलून आणा. नाहीतर संगणकवाल्या पोराला सांगतो."

समितीत आता ती संशोधक मुलगीही होती. ती म्हणाली, "मला आहे तसंच आवडलं." पण तिला मताचा हक्क नव्हता, नुसती खुर्ची होती.

चित्र घेऊन बाई घरी आल्या. साहेबांशी भांडायची त्यांची तयारी होती. खरी अडचण घरात होती. ज्याला विचारायला हवे, त्यालाच विचारले नव्हते.

मिस्टरांनी हात पुसून कागद उजेडात धरला.

"हा मी आहे."

"हो."

"बनियनवर?"

"घरात तुम्ही बनियनवरच असता."

"घरात, बरोबर आहे. अगं, पण हे पुस्तक आहे! गावोगावची पोरं बघणार. पोरांचे बाप बघणार."

"बघू देत की."

"तुझं काय जातंय म्हणायला? तुला लोक चित्रकारबाई म्हणतात. मला काय म्हणतील?" त्यांचा आवाज चढला नव्हता, चिरकला होता. "इतकी वर्षं झाकून ठेवलं ते काय असं वेशीवर टांगायला?"

बाईंनी कागद आपल्याकडे घेतला. त्या म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार. पण मग पेपर वाचणारे बाबाही मी काढणार नाही. तो माणूस मी आपल्या घरात बेल वाजल्याशिवाय कधी बघितलेला नाही."

आणि बेल वाजलीच.

मिस्टरांचा धाकटा भाऊ, घरातले शेंडेफळ, आला होता. पंचा बाईंच्या खांद्यावर आला, शर्ट चढला, पेपर उघडला. चित्र घाईघाईने कपाटावर गेले.

"काय वास सुटलाय, वहिनी! आता जेवूनच जातो."

"बसा ना भाऊजी," बाई आतून म्हणाल्या.

ताटे वाढली. पहिलाच घास घेऊन धाकटा म्हणाला, "वहिनी, चिमूटभर मीठ द्या." बाईंनी एक डबा उघडला, त्यात साखर निघाली. दुसऱ्यात सोडा. तिसऱ्याचे झाकण निघेना.

"स्वतःच्याच घरात चाचपडताय, वहिनी?"

"वरच्या फळीवर, निळं झाकण," मिस्टर बोलून गेले. मग जीभ चावली.

"दादाला बरं माहीत!" धाकटा हसला. पण त्याचे हसू फार टिकले नाही. "दादा, तुझं नशीब चांगलं. आयतं ताट मिळतं. आमच्या हिला नोकरी लागली, माझी सुटली. सध्या रोज मीच रांधतो. परवा पोरगा मित्रांना सांगत होता, माझे बाबा काही करत नाहीत. मी शेगडीपुढं उभा होतो रे तेव्हा! कुणाला सांगू नकोस हं हे." त्याने मान खाली घालून भात कालवला. "आपल्या घराण्यात पुरुषानं कधी पळी हातात धरलेली नाही."

मिस्टरांनी तोंडातला घास गिळला. काही बोलतील असे बाईंना वाटले. त्यांनी फक्त भाजीचे पातेले भावाकडे सरकवले. धाकटा गेल्यावर त्यांनी पंचा परत घेतला आणि भांडी घासली. नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

सकाळी बाई उठल्या तेव्हा चित्र टेबलावर होते. मिस्टर समोर बसले होते, चहा तसाच गार झालेला.

"हात चुकलाय," ते म्हणाले.

"कुठला?"

"पळी उजव्या हातात दिलीस. मी डावरा आहे."

बाईंनी कागद जवळ ओढला. खरेच की. पुस्तकातली माणसे सगळे उजव्या हाताने करतात. लिहितात, जेवतात, हात हलवून टाटा करतात. तसा लेखी नियम नव्हता, पण बाईंच्या हाताला तेच वळण पडले होते. या माणसाच्या डाव्या हातचे त्या इतकी वर्षे जेवल्या होत्या आणि चित्र काढताना तोच हात विसरल्या. त्यांना रडू आले.

"आता रडतेस काय? खोडरबर घे," मिस्टर म्हणाले. "द्यायचं तर नीट दे. चुकीचं छापलं तर मी जन्मभर शिव्या देईन."

सोमवारी समितीपुढे चित्र ठेवले. बनियन तसेच, घाम तसाच, आई नाहीच.

"बाई, तुम्ही काहीच बदललं नाहीत," साहेब म्हणाले.

"बदललंय. पळी डाव्या हातात दिलीय."

"हे कुणी सांगितलं होतं? उगाच शाळांतून पत्रं येतील. उजवा करा."

"करता येणार नाही. ते डावरे आहेत."

"कोण डावरे आहेत?"

"माझे मिस्टर," बाई म्हणाल्या. त्यांनी चित्रावर बोट ठेवले. "हे तेच आहेत. आमच्या घरी तेच स्वयंपाक करतात, मी इथं नोकरी करते आहे जवळजवळ तेव्हापासून. त्यांनी रांधलं म्हणून तुमची ही सगळी पुस्तकं झाली. ते मला मदत करत नाहीत, साहेब. काम करतात."

मुख्याध्यापकांनी चित्र पुन्हा हातात घेतले आणि या वेळी चष्मा लावून बघितले. "चाखताना डोळा असाच होतो खरा," ते पुटपुटले.

साहेबांनी घड्याळ बघितले, छताकडे बघितले. "ठीक आहे. पण लहान करून छापू. पानाच्या कोपऱ्यात."

"लहान चालेल," बाई म्हणाल्या. "हात दिसला पाहिजे. कापायचा नाही."

"नाही कापणार."

"लिहून घ्या."

संशोधक मुलीने ते लिहून घेतले. साहेबांनी सही केली.

जिन्यात येऊन बाईंनी घरी फोन लावला. पलीकडे फोडणी तडतडत होती.

"झालं?"

"झालं. कोपऱ्यात छापणारेत, एवढंसं."

"एवढंसं म्हणजे? तोंड ओळखू येईल ना?"

येईल म्हटलेले त्यांना हवे आहे की नको, ते बाईंना आवाजावरून कळेना. मग त्यांनी खरे तेच सांगितले. "येईल."

पलीकडे शेगडी बंद केल्याचा आवाज आला.

"मग धाकट्याला आज जेवायला बोलावतो," मिस्टर म्हणाले. "त्याच्या पोराच्या दप्तरात पुस्तक जायच्या आधी त्याला माझ्या तोंडून कळू दे. बनियनवरच बसतो त्याच्यापुढं."

त्यांनी फोन ठेवला. बाई मात्र फोन कानाशी धरून जिन्यातच उभ्या राहिल्या. वरून उतरणारी माणसे बाजूने वाट काढत जात होती.