करंगळी

वय एकेचाळीस. त्यातली अठरा वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील फलक आले आणि पेंटरला कुत्रंही विचारेना. बायको म्हणाली, "हात चांगला आहे, तोंडही गप्प बसत नाही. मास्तर हो!"

माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवायची तर आधी वर्षभराचं प्रशिक्षण. त्याला अर्ज करायचा तर त्याआधी दहा दिवस एखाद्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मागे बसायचं, निरीक्षणाची वही लिहायची आणि दहाही दिवसांवर तिथल्या शिक्षकांची सही आणायची. एक सही कमी पडली तरी अर्ज परत. शनिवारी मुदत संपत होती आणि माझा दहावा दिवस शुक्रवारी येत होता. शाळा मिळवण्यातच दोन महिने गेले होते, त्यामुळे एकही दिवस वाया घालवून चालणार नव्हतं.

चित्रकलेच्या बाई निवृत्तीला आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितला. "मुलांच्या कागदाला तुमची पेन्सिल लागता कामा नये. दाखवायचंच असेल तर तुमच्या कागदावर काढून दाखवा." मी मान डोलावली. मान डोलवायला मला आयुष्यात कधी अडचण आली नाही. बाई बाकांमधून फिरत आणि दर दोन मिनिटांनी म्हणत, "हलक्या हाताने, बाळांनो. खोडता आलं पाहिजे."

आठवीच्या त्या वर्गाला रोज शेवटचा तास असे. पाचव्या दिवशी विषय होता स्वतःचा डावा हात. समोर बाकावर ठेवायचा आणि बघून काढायचा. तेवढ्यात बाईंना कार्यालयातून बोलावणं आलं. "दहा मिनिटं लक्ष ठेवा," म्हणून त्या गेल्या.

मधल्या बाकावर एक मुलगी बसायची. चित्र काढताना स्वतःशीच काहीतरी बोलत राहायची, म्हणून वर्गाने तिचं नाव पुटपुटी ठेवलं होतं. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. अंगठा भलतीकडेच निघालेला. करंगळी तर मध्येच मोडून शेजारच्या बोटावर चढून बसलेली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला फार लांबून दिसतं. राहवेना.

"दे इकडे," म्हणालो आणि वाकून तिचा खोडरबर घेतला. अर्ध्या मिनिटात अंगठा जागेवर, करंगळी सरळ. असे हात मी शेकड्याने रंगवलेत. 'जिना इकडे', 'दवाखाना इकडे'. डोळे मिटूनसुद्धा काढीन. तेव्हाही मिटलेलेच होते म्हणायचे, कारण तिचा हात कागदाशेजारीच होता आणि मी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

"असा असतो हात," मी म्हणालो.

तिने पेन्सिल खाली ठेवली. पुटपुटणं थांबलं. मला वाटलं, पोरगी भारावली.

पुढच्या तासाला बाईंनी चित्रं भिंतीवर लावली. मी काढलेल्या हाताशी येऊन थांबल्या. "अंगठा बघा कसा पुढे आलाय! कुणाचं हे?" त्या टाचणी शोधत होत्या, त्यांचं मागे लक्ष नव्हतं. पुटपुटीने डावा हात वर केला आणि लगेच खाली घेतला. मला मात्र तो दिसला. करंगळी मधल्या पेरात वाकून शेजारच्या बोटावर चढलेली होती. तिने काढली होती अगदी तशीच.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. तोंड उघडायची हीच वेळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बाईंच्या टेबलावर माझी वही होती आणि अजून पाच सह्या बाकी होत्या. एरवी गप्प न बसणारं माझं तोंड त्या दिवशी शिवल्यासारखं बंद राहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. वहीत एक प्रश्न होता: एका विद्यार्थ्याच्या कामात दिसलेली प्रगती लिहा. मी तिच्यावर सात ओळी लिहिल्या. 'प्रमाणाची जाण वाढली आहे,' असंही लिहिलं. बायकोने चहा पिताना ते मोठ्याने वाचलं. "बघ, एका लेकराचं भलं केलंस," ती कौतुकाने म्हणाली. मी कपातच बघत राहिलो.

आठव्या दिवशी विषय होता पायातला बूट. पुटपुटी कोरा कागद घेऊन बसली होती. मी जवळ गेल्यावर तिने तो माझ्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता, कुजकेपणाही नव्हता.

"तुम्हीच काढा ना, काका. तुमचं बरोबर येतं."

नवव्या दिवशी तास सुटल्यावर बाई रंगाच्या वाट्या धूत होत्या. मी सगळं सांगितलं, वहीतल्या सात ओळींसकट. त्यांनी नळ बंद केला.

"तीन वर्षं मी तिची करंगळी बघतेय," त्या म्हणाल्या. "चित्र टांगताना मलाही दिसलं नाही. माझीही चूकच."

मग हात पुसून त्यांनी वही उघडली आणि पाचव्या दिवसाच्या सहीवर रेघ मारली. "हा दिवस निरीक्षणाचा नव्हता."

"बाई, शनिवारी तास नसतो. मुदत..."

"माहीत आहे. पुढच्या वर्षी या. आणि मला काय सांगताय? जिचं चित्र, तिला सांगा."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. सकाळी मी निघालो तेव्हा म्हणाली, "आता कशाला जातोस? सही तर गेली."

"एकीला सांगायचं राहिलंय," मी म्हणालो.

शुक्रवारी मी फळ्यापुढे उभा राहिलो. पुटपुटीकडे हात करून म्हणालो, "भिंतीवरच्या त्या हाताला तुम्ही टाळ्या वाजवल्यात. तो हात हिने काढला नाही, मी काढला. हिचा बरोबर होता. मी तो न बघताच खोडला." मागून कुणीतरी फिसकन हसलं.

पुटपुटी उठली, टाचणी काढून चित्र बाकावर घेऊन आली. डावा हात शेजारी पसरला. खोडरबर घेऊन तिने माझी सरळ करंगळी खोडायला सुरुवात केली. रेघ गेली, पण खाच राहिली. पाटीवर दाबून रेघा ओढायची माझी जुनी सवय, कागद आत गेला होता. तिने पुन्हा घासलं. कागदाला लव आली, खाच तशीच राहिली.

मग तिने त्या खाचेवरूनच स्वतःची वाकडी करंगळी काढली. सावकाश, हाताकडे बघत, पुटपुटत. काढून झाल्यावर कागद उजेडाकडे तिरका धरला. वाकड्या बोटाखाली माझं सरळ बोट स्पष्ट दिसत होतं.

"नाही जात," ती म्हणाली.

"नाही जाणार," मी म्हणालो. "चुकलो मी."

तिने कागदावरचा चुरा फुंकला आणि पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"काका, हलक्या हाताने काढायचं असतं," ती म्हणाली. "खोडता आलं पाहिजे."