शुक्रवारी दाखवायची खोली

संडास आत घेतला त्या दिवशी आमच्या खोलीचा फ्लॅट झाला.

तोवर ती खोलीच होती. निजामपुऱ्याच्या गल्लीत, हारूनशेठच्या लूमच्या गाळ्यावर, लोखंडी जिना चढून वर. एक पुढची, एक मागची, मधे पडदा. संडासाचं भांडं आम्ही आणलं, गवंडी आम्ही धरून आणला, ओट्यावर कडप्पाही आम्हीच बसवला. मालकीण खुर्शीदबी रोज वर येऊन बघायच्या आणि "झकास हां चंद्रा, झकास" म्हणायच्या. काम पुरं झालं आणि पुढच्या करारात भाडं वाढलं. का, तर आता हा फ्लॅट आहे. म्हणजे पदरचे पैसे घालून मीच माझं भाडं वाढवून घेतलं. इतका शहाणपणा भिवंडीत दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

करार अकरा महिन्यांचा. बाईला पोर नऊ महिन्यांत होतं, भाडेकरूला घोर अकराव्या महिन्यात लागतो. एक्क्याण्णव साली तो अकरावा महिना आला आणि खुर्शीदबी ओट्याला टेकून म्हणाल्या, "सातशे."

मी साडेचारशे देत होते.

"खुर्शीदबी, सातशेला काय ताजमहाल आहे हा?"

"अगो, ताजमहालमध्ये संडास नाय आत."

मी ओट्यावरचं पीठ पुसायला लागले.

"आणि डिपॉझिट दुप्पट," त्या हळूच म्हणाल्या आणि माझ्याच डब्यातली सुपारी काढून तोंडात टाकली.

आमच्या ह्यांना सांगितलं. हे दापोड्याला ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादम. दिवसभर दीडशे हमालांवर ओरडतात आणि घरी आल्यावर त्यांच्याकडे एकच शब्द उरतो. "बघू," हे म्हणाले.

"काय बघू? ती गिऱ्हाइकं आणायला लागेल."

"मग वळ गावाला जाऊ. माझ्या मावसभावाची खोली हाय. निम्म्या भाड्यात."

"आणि माझी बिशी?"

बिशी म्हणजे लूमवरच्या कामगारांची खाणावळ. माझ्याकडे बारा माणसं जेवायची, दोन्ही वेळा. सगळी याच चार गल्ल्यांतली. कुणाची दिवसपाळी, कुणाची रातपाळी, जेवायची सुट्टी जेमतेम अर्धा तास. त्यात ती हात धुणार, जिना चढणार, जेवणार आणि परत लूमवर उभी राहणार. वळला मी पुरणपोळी रांधली तरी तिथवर कोण येणार? ही खोली गेली की बिशी गेली, आणि बिशी गेली की मी परत सासरच्या खळ्यावर, जावेच्या हाताखाली. जावेचं नाव ठकुबाई. याहून जास्त सांगत नाही.

तर सातशे मला परवडणार नव्हते आणि खोली सोडणं त्याहून परवडणार नव्हतं. मी सहाशेवर आले. खुर्शीदबी सातशेवरून हलल्या नाहीत.

पुढच्या शुक्रवारी त्या पहिलं गिऱ्हाईक घेऊन वर आल्या.

शुक्रवार का, ते भिवंडीत शेंबड्या पोरालाही कळतं. शुक्रवारी लूम बंद. एरवी आमच्या पायाखाली चोवीस लूम दिवसरात्र खडखडत असतात. ताटं फळीवर आपापली चालत पुढे येतात, म्हणून फळीला मी पुढून पट्टी ठोकली आहे. देवाची तसबीर तारेनं बांधली आहे. चहाच्या कपात माशी नसताना वलयं उठतात. आणि शुक्रवारी सकाळी सगळं एकदम थांबतं, इतकं की कानात दडे बसल्यासारखं वाटतं आणि आम्ही सवयीनं एकमेकांशी ओरडूनच बोलत राहतो.

गिऱ्हाईक पेणकडचं होतं. नवरा बँकेत, नुकतीच बदली झालेली. बायको कुंदा, नवी नवरी, हिरवा चुडा अजून हातात. भिवंडीचं वारं न लागलेली दोघं.

"किती शांत आहे हो!" नवरा म्हणाला.

"एकदम," खुर्शीदबी म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"खाली काय आहे?"

"खाली? खाली आमच्या दिराचा धंदा हाय. कापडाचा."

खोटं काहीच नव्हतं. मी पोळ्या लाटत बसले होते. तोंड उघडायला मला काय लागलं असतं! पण बाई समोर उभी, ती मालकीण, तिच्याच घरात तिच्या घराला नावं कशी ठेवायची? तिचा नवरा हाशिमभाई गेल्यापासून तिच्या नावावर जे काही होतं ते हेच, आमच्या डोक्यावरचं छत. खालचा गाळा दिरानं घेतला. हिशेबाचं नाव काढलं की हारूनशेठ "भाभी, मंदी है" म्हणायचा. मंदीतच त्यानं चार लूम वाढवले. तेव्हा खुर्शीदबींचा राग यायचा, आणि राग धरून बसायचं म्हटलं तर धरवायचा नाही. ही आणखीच चिडचिड.

म्हणून मी वेगळीच अक्कल लढवली. कुंदाला म्हटलं, "बाई, खिडक्यांना पडदे शिवायचे असतील तर मापं घ्या. पण आज माझा पसारा आहे. उद्या या, निवांत."

खुर्शीदबींनी सुपारी चघळायची थांबवली. पण बोलणार काय? मी चांगलंच तर सांगत होते.

शनिवारी दुपारी कुंदा एकटी आली, हातात टेप घेऊन. लूम जोरात चालू होते. जिन्यातच तिनं कानांवर हात ठेवले. दारात आली तेव्हा तिचे डोळे एवढाले झाले होते. मी मनातून खूश. पाट दिला, चहा दिला. कप बशीत थुईथुई नाचायला लागला.

"हे रोज?" ती ओरडली.

"रोज! शुक्रवार सोडून! रात्रीसुद्धा!" मीही ओरडले. अगदी आनंदानं.

ती कपाकडे बघत बसली. मग पाट सरकवून माझ्या कानाशी आली. "म्हणजे इथं एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत काही ऐकू येत नाही?"

"एका खोलीतलं एकाच खोलीत ऐकू येत नाही!"

आणि त्या पोरीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "आमच्या सासूबाई येणार आहेत राहायला. कायमच्या. मी चमचा खाली ठेवला तरी त्यांना पलीकडच्या घरात कळतं. आणि मग सुरू होतात त्या दिवे लागेपर्यंत..." तिनं भिंतीवरून हात फिरवला. देवळाच्या भिंतीवरून फिरवावा तसा. "ताई, मला ही जागा पाहिजेच."

खिडकीचं माप घेऊन, उड्या मारत ती जिना उतरली.

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं या आवाजाला शिव्या घातल्या. तो कुणाला पाहिजे असेल, पैसे मोजून पाहिजे असेल, हे कुणाच्या बापाला सुचलं असतं? खुर्शीदबी संध्याकाळी वर आल्या त्या हसतच. "पोरगी राजी हाय. सातशे, डिपॉझिट दुप्पट, सगळं कबूल." मग हसू आवरून म्हणाल्या, "तू पण देशील तर तूच राहा. मला काय, तू माझ्या सवयीची."

"सवयीची आहे तर सहाशे घ्या."

"सवयीला भाव नसतो, चंद्रा."

त्या रात्री ह्यांनी "बघू" सुद्धा म्हटलं नाही. वळच्या खोलीची किल्ली मावसभावाकडून आणून खुंटीला अडकवली. मी ती किल्ली बघायची नाही असं ठरवलं आणि भाकरी थापताना दर मिनिटाला बघितली.

पण डिपॉझिटचे पैसे कुंदाच्या सासूबाईंचे होते. तेव्हा सासूबाई जागा बघितल्याशिवाय गाठ सोडणार नव्हत्या. मंगळवारी सगळी वरात आली. पुढे सासूबाई, मागे मुलगा, त्याच्यामागे कुंदा, सगळ्यात मागे धापा टाकत खुर्शीदबी. लूम धडधडत होते.

सासूबाई दारात थांबल्या, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ओटा उंच आहे!"

चोवीस लूमच्या वर बाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला. ओरडल्या म्हणावं तर तसंही नाही. आवाजाची पट्टीच तशी, पितळी परातीवर पळी हाणावी तशी. "मोरीला उतार नाही! पडदा कशाला मधे, काढून टाकू! कुंदा, तिकडे काय उभी राहिलीस, नळ सोडून बघ!" एकेक अक्षर सुटं. खालचा रामसेवक लूम सोडून जिन्याच्या तोंडाशी येऊन बघून गेला की वर कोण आलं.

कुंदाचा चेहरा बघवेना. आता उलटंच होतं. इथं सासूबाईंचं सगळं ऐकू येणार होतं आणि पोरीनं दिलेलं उत्तर तेवढं बुडणार होतं.

"जागा चांगली आहे!" सासूबाईंनी निकाल दिला. "आवाज आहे, पण मला नाही त्रास होत आवाजाचा!"

खुर्शीदबींनी माझ्याकडे बघितलं. मी खुंटीवरच्या किल्लीकडे.

कुंदा ओट्याशी आली. माझ्या कानात म्हणाली, "ताई, काहीतरी करा. नको मला."

"मी काय करू? तुझी सासू, तूच कर," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. माझं सगळं करून झालं होतं आणि त्यातून हे निघालं होतं.

ती इकडेतिकडे बघायला लागली. नजर देवाच्या फळीवर गेली. मी सकाळी लावलेलं निरांजन तिथं होतं. रोजच्यासारखं हलत हलत काठाशी आलेलं, पट्टीला अडून थरथरत होतं. कुंदानं ते उचललं, सासूबाईंच्या समोर जमिनीवर ठेवलं आणि पदर सावरून बाजूला उभी राहिली.

निरांजन निघालं. थरथरत, तिरकं तिरकं, आधी मोरीकडे, मग मत बदलल्यासारखं संडासाच्या दाराकडे. सासूबाई बघत होत्या. निरांजन उंबऱ्याशी टेकलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आमच्याकडे अखंड नंदादीप असतो," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. "देव इथं कसा राहणार? चल रे."

माझ्या देवाची कुणी चौकशी केली नाही. तो तारेनं बांधलेला, जाईल कुठं?

वरात उतरली. जिन्यावरून सासूबाईंचा आवाज परत चढला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. खुर्शीदबी माझ्या पाटावर बसल्या. मी चहा टाकला.

"सहाशे," मी म्हटलं.

"साडेसहाशे. डिपॉझिट हाय तेवढंच." त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. "चंद्रा, मला पण कोण देतो? हारून देतो? हे भाडं आलं की माझ्या घरात तांदूळ येतो. तुला माझा राग येतो, मला मालूम हाय."

राग यायला जागा ठेवली असती तर बरं झालं असतं. मी साडेसहाशे कबूल केले. म्हणजे लढाई जिंकून मी दरमहा दोनशे रुपये जास्त द्यायचं मिळवलं. ह्यांनी किल्ली मावसभावाला परत केली आणि म्हणाले, "बघ, झालं ना."

आता ते दोनशे आणायचे कुठून? बिशीचा दर वाढवणं भाग होतं. बारा माणसं, डोक्यामागे वीस रुपये. चाळीस रुपये गॅस आणि तेलासाठी हाताशी राहिले असते. हिशेब चोख होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी विठू, चिंधू आणि रामसेवक जेवायला बसले, अंगभर कापसाचा भुगा, आणि मला तोंड उघडवेना. विठूची पोरगी त्या वर्षी लग्नाची. चिंधू तीन महिने गावी गेला नव्हता. शेवटी वरणाची पळी हातात घेऊन मी ओरडले, "या महिन्यापासून वीस रुपये वाढवायला लागतील!"

विठूनं कानामागे हात धरला. "काय?"

"वीस! भाडं वाढलं!"

चिंधूनं डोकं हलवलं. "न्हाय ऐकू येत!"

"पंधरा!"

"क्या बोलीं भाभी?" रामसेवकनं खालच्या लूमकडे बोट दाखवलं. "मशीन में सुनाई नहीं देता!"

लूमवर हयात काढलेली ही माणसं. गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकाला नुसते ओठ बघून एकमेकांच्या घरच्या भानगडी सांगतात. तिघेही माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"दहा," मी म्हटलं. ओरडले नाही. साधंच म्हटलं.

"दहा व्हय? चालंल, चालंल," विठू म्हणाला आणि ताट पुढे केलं.

मी आत गेले. दहा नि बारा एकशेवीस, वरचे ऐंशी राहिलेच. मागच्या खोलीत वरणाचं पातेलं होतं. त्यात तांब्याभर पाणी ओतलं, चिमूटभर मीठ वाढवलं आणि पळीनं नीट ढवळून बाहेर आणलं.

विठूनं वरण भातावर घेतलं. ते भात सोडून ताटभर पसरलं. त्यानं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भाताचं आळं करून जेवायला लागला.