आधी चहा

सायबेरियातून परतल्यावरचा सासू-सुनेचा तो पहिलाच हिवाळा. सग्लार गाईची धार काढून येत होती, तेवढ्यात माळावरून एक माणूस पाय ओढत येताना दिसला. दाराशी येऊन त्याने टोपी काढली.

"मी मुकेबेन. लिजीचं घर हेच ना?"

लिजी म्हणजे सग्लारचा नवरा. तो महायुद्धात लढाईवर गेला आणि मागे सरकारने सगळ्या कल्मिक लोकांना आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियात धाडलं. तेव्हापासून त्याचा ठावठिकाणा नव्हता.

सासूबाई नोगाला अंथरुणात उठून बसल्या. त्यांनी पाहुण्याचा चेहरा न्याहाळला आणि तो तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बस बाळा. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय आपण काही विचारत नाही. सग्लार, चहा टाक."

सग्लारने दाबून वीट केलेल्या चहाचा तुकडा फोडून उकळायला टाकला. त्यात दूध, मीठ आणि लोणी घातलं, वर जायफळ किसलं, आणि पळीने पुन्हा पुन्हा वर उचलून ओतत तिने तो घुसळला. पहिली वाटी देवापुढे ठेवली, दुसरी पाहुण्याला दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. रिकामी होताच सासूबाईंनी भरायला लावली, मग पुन्हा भरायला लावली.

"मावशी, मी सांगायला आलोय..."

"आधी चहा. किती गारठलायस!"

मग सग्लारला उमगलं. सासूबाईंना कळलं होतं. चहा चालू होता तोवर त्यांचा मुलगा जिवंत होता. तीही वाटी सावकाश भरू लागली. पातेल्यातला चहा तळाला गेला तशा सासूबाई म्हणाल्या, "अजून टाक."

सग्लारने पळी खाली ठेवली. "आई, बोलू द्या त्यांना."

मुकेबेन मान खाली घालून बोलला. कल्मिक शिपायांना आघाडीवरून काढून उरलच्या छावणीत धरणाच्या कामाला जुंपलं होतं. तिथेच लिजी गेला, उपासमारीने. मुकेबेन त्याच्या उशाशी होता.

मग सासूबाईंनी विचारलं, "काही खायला मागत होता का रे?"

"मागून मिळणार कुठून? पण तो रोज चहा करायचा, नुसता तोंडाने. आम्ही भोवती बसून ऐकायचो. एकदा एक म्हातारा म्हणाला, जायफळ कशाला, मिरी हवी. लिजी त्याच्या अंगावरच धावला. 'माझी बायको जायफळच घालते!'"

"लबाड मेला!" सासूबाई फणकारल्या. "चहा मी करायचे. हिला तेव्हा साधं दूध राखता येत नव्हतं, सारखं उतू जायचं!"

सग्लारला हसू फुटलं. हसता हसताच ती मटकन खाली बसली आणि डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून हमसून हमसून रडली. सासूबाईंनी तिची पाठ थोपटली, थांबवलं मात्र नाही.

"ऊठ आता," शेवटी त्या म्हणाल्या. "कणीक मळ, चरबी तापव. इतकी वर्षं त्याला घरचा वास मिळाला नाही."

मेलेल्यांना पोचतो तो तळणाचाच वास. सग्लारने कणकेचे छोटे गोळे, बोर्त्सोग, वळून कढईत सोडले, आणि मुकेबेनने उठून दार सताड उघडलं.

सण नसताना तळणाचा वास कशाचा, हे वस्तीत कुणाला सांगावं लागलं नाही. शेजारणी एकेक करून आल्या. कुणी दूध आणलं, कुणी लोणी, आणि काही न विचारता सग्लारच्या शेजारी बसून कणीक वळू लागल्या.