वांग-येला सुचवलेला सिनेमा

"देवाला असले रडके सिनेमे चालत नाहीत," पडद्याचे बांबू ट्रकमधून ओढत चिंग-फा म्हणाला. "वांग-येला मारामारी लागते. तलवारी, उड्या. माझा जन्म गेला त्याला सिनेमे दाखवण्यात, मला विचार."

"नवस माझा, सिनेमाही माझाच," श्वेइ-मू म्हणाला. "आणि हा चुकवू नकोस म्हणून सांगतोय. म्हणजे, देवाला सांगतोय."

मोतीबिंदू सुखरूप निघाला तर वांग-येला सिनेमा दाखवीन, असं श्वेइ-मू बोलला होता. गावाची रीतच तशी. देवळासमोर पडदा लागतो, खुर्च्यांची पहिली रांग देवासाठी राखलेली असते, आणि माणूस म्हणाल तर एक नाही. घरोघरी टीव्ही असताना खाऱ्या वाऱ्यात कोण कुडकुडत बसणार? देव बघतो, आणि सिनेमाच्या यंत्रापाशी चिंग-फा असतो.

श्वेइ-मूने नेमकं हेच हेरलं होतं. कालवं फोडताना सुरी चालायची तशी त्याची जीभ कधी चाललीच नाही. चिंग-फाला 'चल, सिनेमाला जाऊ' एवढं म्हणायचीही छाती झाली नाही, आणि बघता बघता दोघांचे केस पिकले. आता त्याला सिनेमे दाखवायला कुणी बोलवेना. यंत्राला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि परवा तो ताइचुंगला बहिणीकडे जाणार होता, कायमचा. अशा वेळी भित्र्या माणसाने देवाआड लपायचं नाही तर काय करायचं?

"आहे तरी काय त्यात?" चिंग-फाने विचारलं.

"एक जण बेटावर दीपगृह सांभाळतो. दुसरा होडीतून त्याचं टपाल आणतो. एकमेकांवर जीव आहे त्यांचा."

"दोघं पुरुष?"

"दोघं पुरुष." श्वेइ-मूचे कान लाल झाले. "भाचीने च्यायी शहरात नेऊन दाखवला. मी रडलो. नंतर टर्कीभात खायला गेलो, तिथंही रडलो. ती म्हणाली, मामा, लोकांना वाटेल टर्की तुमच्या ओळखीची होती."

चिंग-फा हसला नाही. त्याने डिस्क घेतली आणि यंत्राकडे वळला.

दिवेलागणीला सिनेमा सुरू झाला. श्वेइ-मू भारल्यासारखा जाऊन पहिल्याच रांगेत टेकला, तोच देवळाची झाडलोट करणाऱ्या युए-निआंग काकू कडाडल्या, "अरे ए! ऊठ! वांग-येच्या मांडीवर बसलास की काय?"

तो मुकाट्याने कडेच्या स्टुलावर जाऊन बसला. समुद्राचा वारा पडद्यात भरत होता. पडदा फुगला की दीपगृहवाल्याचा चेहरा मोठा व्हायचा, ओसरला की लहान. जणू देवळापुढचा सगळा चौक संथ श्वास घेत होता. उदबत्तीचा धूर प्रकाशाच्या झोतातून जाताना निळा व्हायचा. श्वेइ-मूला आपण जागे आहोत की नाही, तेच कळेना.

त्याने मागे पाहिलं. चिंग-फा नेहमीसारखा पडद्याकडे पाठ करून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. श्वेइ-मूला फार वाईट वाटलं. एवढा खटाटोप पालथ्या घड्यावर पाणी!

टपालवाल्याची शेवटची फेरी आली. श्वेइ-मूने पुन्हा मागे पाहिलं. यंत्रापाशी कुणीच नव्हतं.

उठून तो ट्रकपाशी गेला, तिथंही कुणी नाही. मग पडद्याखाली त्याला दोन ओळखीच्या चपला दिसल्या.

चिंग-फा पडद्याच्या मागे उभा होता. कापडातून समुद्र इकडेही उतरला होता, उलटा, फिकट, आणि त्याच्या ओल्या गालांवर हलत होता.

"इथं का उभा आहेस?" श्वेइ-मूने हळूच विचारलं.

"तिथं तू सारखा वळून बघतोस." चिंग-फाने बाहीने नाक पुसलं. "तो टपालवाला जातो का रे शेवटी?"

"जातो."

"आणि दुसरा?"

"धक्क्यावर उभा राहतो. काही बोलत नाही."

"गाढव आहे," चिंग-फा म्हणाला.

पडद्यावर होडीचा दोर सुटला.

"जाऊ नकोस, चिंग-फा."

चिंग-फा पडद्याकडे पाठ करून त्याच्याकडे वळला.

"एवढं सांगायला देवाला वेठीस धरलंस होय रे?" तो म्हणाला, आणि त्याने श्वेइ-मूचा हात घट्ट धरला.