माझ्यात मैदा मावतो तरी किती?

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा मापाचा पेला आहे. जुना आहे, काठाला एक पोचाही आहे. माझी हकीकत सांगताना मी मध्येच गोंधळलो तर सांभाळून घ्या, कारण मला ती स्वतःलाच नीटशी कळलेली नाही.

कारखान्यात यंत्राने मला एका पत्र्यातून दाबून काढले आणि फिरत फिरत मी एका छोट्या बेकरीत आलो. तिथल्या मालकीणबाईंना त्यांची भाची मावशी म्हणे, म्हणून सगळी गल्लीच मावशी म्हणू लागली. केकला मैदा दोन पेले, साखर एक पेला. केक असा मऊ होई की गिऱ्हाईक म्हणे, "मावशी, तुमच्या हाताला चव आहे." मी मनात म्हणे, हात त्यांचा असेल, पण माप माझे आहे. तेव्हा मी जरा चढूनच गेलो होतो.

मग मावशी ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेले. बेकरी भाचीच्या गळ्यात पडली. तिने नवा वजनकाटा आणला. "सगळं ग्रॅममध्ये करून ठेवते. म्हणजे कोणीही केक करू शकेल," ती म्हणाली.

तिने मला मैद्याने भरून तोलले. मग साखरेने. काट्यावर वेगळाच आकडा! मी चक्रावलो. पोट तेच, भरलो काठोकाठ, मग वजन दोन कसे? भाची स्वतःशीच पुटपुटली, "साखर जड असते." मला पटले नाही. तिने दोन्ही आकडे भिंतीवर लिहिले.

त्या आकड्यांवर केलेला केक दगडासारखा निघाला. दुसराही तसाच. शेजारच्या शिंपीकाकांनी तुकडा टेबलावर वाजवून पाहिला. "हा खायचा की यावर बसायचं?" ते म्हणाले. त्यांच्या लेकीच्या लग्नाचा केक इथूनच जायचा होता. मावशींनी घरून निरोप धाडला, "तोही असाच झाला, तर मी बेकरी विकून टाकते."

भाची रडकुंडीला आली. "या पेल्यालाच पोचा आहे, माप चुकतंय," असे म्हणून तिने मला गळक्या नळाखाली ठेवले. मी रात्रंदिवस विचार करत राहिलो. मी खरेच चुकीचा असेन, तर इतकी वर्षे केक फुगत कसा होता? मला फार वाईट वाटले.

लग्नाच्या आदल्या सकाळी मावशी प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून आल्या.

"मैदा घेतलास कसा?"

"पोत्यात पेला खुपसला. वरून दाबला, कमी पडायला नको म्हणून."

"अगं, मी आधी चाळते. मग चमच्याने हलकेच सोडते आणि वरून सपाट करते."

"हे तू कधी बोलली नाहीस, मावशी."

"त्यात काय बोलायचं? सगळे तसंच करतात ना?"

भाचीने मला पुसले. मैदा चाळला, चमच्याने सोडला, सुरीच्या पाठीने सपाट केला. काट्यावरचा आकडा चांगलाच खाली आला. पुन्हा भरले, तरी जवळपास तोच. तिने भिंतीवरचा मैद्याचा आकडा खोडून नवा लिहिला. लग्नाचा केक टम्म फुगला आणि शिंपीकाकांनी दुसरा तुकडा मागून घेतला. बेकरी राहिली.

मी निर्दोष ठरलो, मित्रांनो. पण आकडा बरोबर आला आणि माझी गरजच संपली. आता सगळे काट्यावरच तोलले जाते. मी फळीवर असतो. आनंद मानावा की रुसून बसावे, हे मला अजून ठरवता येत नाही. भाची मात्र रोज मला पुसते आणि पुसताना तिचा अंगठा त्या पोच्यावर जरा थांबतो.

तुम्हाला एवढेच सांगतो. तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने भांडे असेल. काही बिघडले, तर त्याला नळाखाली टाकण्याआधी आपण त्याला कसे भरले होते, ते एकदा आठवून पाहा.